सरका, जागा द्या!

दोस्तांनो, ज्याला घरात, चर्चमध्ये, नोकरीत थारा नाही त्यानं बसायचं कुठं? अमेरिकेतल्या समलिंगी माणसांना कित्येक वर्षं एकच जागा होती: बार. तिथंही पोलिसांची धाड. १९६९ चा स्टोनवॉलचा उठाव बारमधूनच पेटला. दारू सोडायची म्हणजे आपली माणसंच सोडायची!

१९३५ साली ॲक्रनला सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची अट एकच, दारू सोडायची इच्छा. पण कागदावरचा नियम वेगळा, खोलीतली नजर वेगळी. राज्यघटनेचं सतरावं कलम वाचलेल्यांना हे कुणी शिकवायला नको. म्हणून १९६० च्या दशकाअखेर सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्वतःच्या बैठका उभ्या केल्या. १९७४ मध्ये परिषदेला हे गट यादीत घ्यावे लागले.

त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे. तो आम्हाला मान्य नाही. पण एकानं उठून खरं बोलावं, बाकीच्यांनी न हिणवता ऐकावं, रात्री तल्लफ आली तर कुणीतरी फोन उचलावा, ही ताकद माणसाचीच. वर्षानुवर्षं कोरडं राहता येतं ते तिच्यावर.

ज्या ब्लॅक पँथरवरून आपण १९७२ ला नाव घेतलं, त्यांच्या ह्यूई न्यूटननं १९७० सालीच समलिंगींच्या चळवळीशी एकजूट करा म्हणून सांगितलं. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू नाकारली. आणि आपण? छावणीत 'तसला' म्हणून ज्याला हसतो, तो जातो कुठं? गुत्त्यावर. त्याला तिथं आपणच धाडलंय.

सरका. जागा द्या. जय भीम!