दुःखाचे अभंग

कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलगाड्यांत टाळांच्या साथीने भजने ऐकू येतात. हा केवळ वेळ घालविण्याचा उद्योग आहे, असे कित्येकांस वाटते; परंतु ते खरे नव्हे. ज्यांचे अभंग तेथे गाइले जातात, त्या तुकारामांवर १६३० च्या सुमारास दुष्काळाचा घाला पडला. व्यापार बुडाला, पत्नी व पुत्र कालवश झाले. तुकाराम भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनास बसले. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पुढे त्यांच्या दुःखाला अभंगांतून वाणी लाभली. दुःख कोणालाच टळत नाही. मात्र ते शब्दांत व सुरांत ओतले, म्हणजे इतरांनाही धीर देते. म्हणूनच श्रमलेली माणसे आजही ते अभंग गातात.