सरसकट चराईबंदी नको



कोथरूडच्या टेकड्यांवर गुरांना सरसकट बंदी घाला, ही एका वाचकाची सूचना वाचली. कळकळ पटली, उपाय पटला नाही. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. शेंडा खाल्ला तरी गवत पुन्हा फुटतं. मात्र सतत ओरबाडलं की मुळं खंगतात. पवन्या, मारवेल ही गुरांची आवडती गवतं हटतात नि कुसळी माजते. तिची टोकदार कुसळं मेंढीच्या लोकरीतून थेट कातडीत घुसतात. चराईचा ताण आणखी वाढला की उघडा मुरूमच उरतो. उलट चराई पूर्ण थांबली, तर वाळलेलं गवत साचून उन्हाळ्यात वणव्याला फावतं. शिवाय गवताला जाच फक्त गुरांचाच नाही; गिरिपुष्पाच्या झाडांची दाट सावलीही जाचतेच, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून कोथरूडच्या म्हातोबा टेकडीवर बी पडेपर्यंत, दिवाळीपर्यंत, गवत राखावं. नंतर मोजकी गुरं जरूर चरू द्यावीत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे