लागूंचा दाखला उलटा वाचला



‘आधी विज्ञानाची पदवी, मग हवी तर कला’ हा गेल्या अंकातील पत्राचा सल्ला मला अजिबात पटला नाही. त्यात डॉ. श्रीराम लागूंचा दाखला आहे, पण तो सल्ल्याच्याच विरोधात जातो. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात आणि पुढे टांझानियात त्यांनी काम केले, आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नाटकासाठी ते सगळे सोडले. १९७० मध्ये त्यांचे ‘नटसम्राट’ नाटक आले. रंगभूमीवरची आधीची कितीतरी वर्षे आपण गमावली, हे पत्रलेखक विसरतात.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचे वेगळे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करतानाच १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. खगोलशास्त्र सोडावे लागले नाही. कथा रात्री टेबलाशी बसून लिहिता येते. नाटकाला तालमी लागतात, दौरे लागतात, इतर दहा जणांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. म्हणून सगळ्या कलांना एकच नियम लावणे चूक आहे.

 

पालकांनो, अकरावीचा अर्ज भरण्याआधी मुलाला कोणती कला हवी आहे आणि ती दिवसाचे किती तास मागते, एवढे तरी विचारा.

– एक वाचक, खोताची वाडी, गिरगाव