काढा तिला, डॉक्टर त्याला

चातुर्मास संपला की माझ्या बाल्कनीकडे बायकांची पावलं वळतात. चार महिने आमच्याकडे पालेभाजी वर्ज्य, म्हणून कुंडीतल्या पानालाही फारसं कोणी हात लावत नाही. कार्तिक उलटला की मग सुरू. "काकू, गवती चहाची चार पाती द्या." "वहिनी, पानओव्याची एक फांदी द्या ना, लावीन म्हणते." "तुमच्या गुळवेलीचा वीतभर तुकडा मिळेल का?" मी देते. औषधदान हे आपल्या चार दानांतलं एक, आणि झाडाचं पान अडवून ठेवणारी मी कोण? फक्त हातात देण्याआधी एक प्रश्न विचारते. "कोणासाठी हवंय?"

गेली कितीतरी वर्षं विचारतेय, आणि उत्तर बहुतेक एकच. सुनेसाठी, अशक्तपणा आहे. मुलीसाठी, पाळीत पोट दुखतं. माझ्यासाठीच, चक्कर येते हल्ली. "ह्यांच्यासाठी हवंय" असं म्हणणारी क्वचितच भेटते. ह्यांचं काही दुखलं तर? "ह्यांना कालच डॉक्टरकडे नेलं."

घरात झाडपाला लावू नका असं सांगायला मी बसलेली नाही. माझ्या वास्कोच्या फ्लॅटमध्ये अकरा कुंड्या आहेत आणि त्यातली एकही कमी करायचा विचार नाही. माझं भांडण वेगळं आहे. घरगुती औषध ही बाईच्या हातातली विद्या होती. ती आता बाईला दवाखान्यापासून लांब ठेवायची सबब झाली आहे. आणि ही सबब बाईच बाईला देते, म्हणून जास्त लागतं.

घरचंच सांगते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या अंगावरून फार जायचं. आठ-आठ, दहा-दहा दिवस. सासूबाईंनी अशोकाची साल उकळून द्यायला सुरुवात केली. प्रेमानेच केली, त्यात शंका नाही. साल कुठली? आमच्या बिल्डिंगच्या कुंपणाला रांगेने उंच सरळ वाढलेली झाडं होती, त्यांची. दोन वर्षं हा काढा चालला. जाऊबाई जिना चढताना दोनदा थांबायच्या. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मूठभर कच्चे तांदूळ चावायच्या, आणि आम्ही हसायचो. नखं कागदासारखी पांढरी झाली होती. आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही की रक्त तपासावं.

त्याच दोन वर्षांत मामंजींच्या छातीत एकदा रात्री जळजळलं. साडेअकराला गाडी काढली, इस्पितळात नेलं, ईसीजी काढला. पित्त निघालं. नेलं ते अगदी बरोबर केलं, छातीत दुखलं की नेलंच पाहिजे. पण त्या रात्री कोणी म्हणालं नाही, "थांबा, आधी दोन वर्षं ओव्याचं पाणी देऊन बघू."

जाऊबाई एका चतुर्दशीच्या उपवासाला ओट्याजवळच कोसळल्या. हिमोग्लोबिन पाचच्या जरा वर. गर्भाशयात गाठ. तीन बाटल्या रक्त चढवलं, मग ऑपरेशन झालं. बऱ्या झाल्या. पण पुढे एका म्हाताऱ्या वैद्यांना मी त्या झाडाचं पान दाखवलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हा तो अशोक नव्हेच."

बायांनो, हे नीट लक्षात ठेवा. औषधाचा अशोक म्हणजे सीता-अशोक, पसरट वाढणारा, केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा. कंपाउंडला लावतात तो उंच, लांबट लाटेदार पानांचा, हिरवट फुलांचा, तो वेगळ्याच कुळातला. नाव तेवढं सारखं. आमच्या घरात दोन वर्षं एका बाईने भलत्याच झाडाची साल प्यायली. आणि खरी साल असती तरी काय झालं असतं? पोटात गाठ आहे की नाही हे सालीला कळत नाही, सोनोग्राफीला कळतं.

ही एका घराची कथा म्हणून सोडून देऊ नका. सरकारच्या 2019–21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपला गोवा सुधारलेला, शिकलेला, इथे इस्पितळं जवळ. तरी इथेही तो आकडा 39 टक्के, म्हणजे दहांतल्या चौघी जवळजवळ. मंदिरात पूजेला आपण वीस जणी बसतो, त्यातल्या सात-आठ जणी अशा असू शकतात. त्या चौरंग उचलतात, सामग्री मांडतात, उपवास धरतात, आणि "जरा अशक्तपणा आहे" म्हणून काढा पितात.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, आमच्या आज्या कुठे दवाखान्यात जायच्या? ठणठणीत होत्या. ज्या ठणठणीत राहिल्या त्याच आपल्या आज्या झाल्या, बाई! ज्या बाळंतपणात गेल्या त्यांची आठवण सांगायला कोण उरलं? देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडचं सरासरी आयुष्य 32 वर्षांच्या आसपास होतं. आजीच्या बटव्यावर माझंही प्रेम आहे. पण बटवा होता तेव्हा दुसरं काही नव्हतं, हेही खरं. आज चिखलीला सरकारी इस्पितळ आहे. बांबोळीला गोमेकॉ आहे, ज्याचं मूळ 1842 च्या वैद्यकीय शाळेत आहे. मुरगावच्या बाईला "लांब पडतं" असं म्हणायची सोय नाही.

आणि ज्यांना आयुर्वेदच हवा, त्यांनी तरी आयुर्वेदाचा मान राखावा. पेडण्यात धारगळला 2022 च्या डिसेंबरात आयुर्वेदाची मोठी संस्था उघडली, इस्पितळासकट. तिथे वैद्य बसतात, नाडी बघतात, प्रश्न विचारतात. आपण काय करतो? मोबाईलवर आलेला निरोप वाचून पाला उकळतो आणि त्याला आयुर्वेद म्हणतो. वैद्याला विचारायचं नाही आणि डॉक्टरलाही विचारायचं नाही, मग हा आयुर्वेद कसा? हा नुसता आळस.

"झाडपाल्याने अपाय तर होत नाही ना?" हे तर मला पाठ झालंय. होतो. करोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, सारखी दिसणारी दुसरी वेल असेल म्हणाले. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून असे 43 रोगी नोंदले गेले. वाद चालू द्या. पण तुमच्या-माझ्यासाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच. वेल खरी असेल तरी जपून, आणि वेल ओळखता येत नसेल तर मुळीच नको. म्हणून गुळवेलीचा तुकडा मी लावायला देते, रोज उकळायला देत नाही.

सदाफुलीचं तसंच. साखरेवर म्हणून सकाळी पानं चावणारे लोक मी पाहिलेत. ह्याच झाडातून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं निघाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ती वापरतात. एवढं जहाल द्रव्य ज्या पानात, ते अंदाजाने चावायचं? अडुळसा खोकल्यावर चांगला, त्याच्यातल्या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध तयार झालं. पण तोच अडुळसा गर्भाशय आवळतो, पोटुशीला देऊ नये. कोरफडीचं पान कापलं की जो पिवळा चीक गळतो तो जोराचा रेचक. तो गाळून न घेता गर दिला तर दिवसभर संडासात बसावं लागतं, आणि पोटुशीला तर धोका.

ह्याचा अर्थ झाडपाला टाकाऊ असा काढाल तर तेही मला मान्य नाही. काही शिकलेल्या मुली नाक मुरडतात, "काकू, हे सगळं थोतांड." थोतांड असतं तर जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत 1995 साली कोणी कशाला घेतलं असतं? आपल्या सीएसआयआरने भांडून, जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते 1997 मध्ये रद्द करून घेतलं. ज्ञान होतंच. ते कोणाच्या नावावर लागलं, हा प्रश्न आहे.

इथे गोव्यातच बघा. गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात पुस्तक लिहिलं, ते 1563 साली गोव्यातच छापलं. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. त्या पुस्तकात अंतोनिया नावाची एक दासी येते. मालकाने हाक मारली की ती वनस्पती आणून दाखवते. मला त्या बाईचा विचार सुटत नाही. झाड कुठे आहे हे तिला ठाऊक, आणणारी ती, आणि बाग मात्र मालकाच्या नावाची. आजही घरात तेच चाललंय. कुंडीला पाणी घालणारी बाई, पान खुडणारी बाई, काढा उकळणारी बाई. पण कोणाला कधी डॉक्टरकडे न्यायचं हे ठरवणारं तोंड दुसऱ्याचंच.

आणि आपण तर जैन. आपल्या परंपरेत उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा आख्खा ग्रंथ आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला, आणि 1940 साली सोलापुरातून हिंदी अर्थासह छापलेला. औषधात मांस नको हे त्यांनी ठासून मांडलं. पण म्हणून रोग्याला देवावर सोडा असं नाही लिहिलं, उलट चिकित्सा लिहिली. अहिंसा म्हणजे उपचार टाळणं नव्हे. पाणी गाळताना त्यातल्या जिवाची काळजी करणाऱ्या घरात, शेजारच्या खोलीत सूनबाई पांढरीफटक पडली आहे हे दिसू नये? मुंगीवर पाय पडू नये म्हणून वाकून चालणारी माणसं आपण! ती नजर जरा वर उचलली तर चुलीपाशी उभी असलेली बाई दिसेल. अभयदान तिलाही लागू आहे. "मला बरं नाही" हे म्हणायची भीती न वाटणं, हेच तिचं अभय.

मग कुंड्या कशाला ठेवायच्या? ठेवायच्या, खुशाल ठेवायच्या. मुरगावला जागा कमी, खारा वारा, आणि पानावर कोळशाची काळी पूड. तरी पाच झाडं कोणालाही जमतात. तुळस, गवती चहा, पानओवा, पुदिना आणि कोरफड. कुंडीला खाली भोक हवं, नाहीतर आपल्या पावसात मुळं कुजतात. जूनच्या आधी कोरफड आत घ्या. फवारे मारू नका, कीड दिसली तर ओल्या फडक्याने अलगद बाजूला करा. मुळासकट उपटावं लागत नाही अशीच ही झाडं आहेत, मोजून पान तोडा, झाड जगतं. पान तीन पाण्यांनी धुवा. चातुर्मासाआधी वैशाखात गवती चहा सावलीत वाळवून ठेवा. काढ्यात मध घालायला सांगतात, आपण गूळ नाहीतर खडीसाखर घालतो, काही बिघडत नाही.

आणि ह्या कुंड्यांबरोबर घरात काही नियमही लावा. ज्या झाडाची खूण आणि नाव दोन्ही पक्की नाहीत, ते पोटात जाणार नाही. साधी सर्दी, बसलेला घसा, फुगलेलं पोट, एवढ्यालाच घरचं औषध, तेही तीन दिवस. रक्त जात असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, बाई पोटुशी असेल किंवा मूल तान्हं असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टर. डॉक्टरला आपण काय पाला घेतो ते लपवू नका, लाजूही नका. घरातल्या प्रत्येक बाईचं रक्त वर्षातून एकदा तपासा, सासूचंही. आणि शेवटचा नियम असा की जो न्याय त्याला तोच तिला. त्याच्या खोकल्याला डॉक्टर तर तिच्याही खोकल्याला डॉक्टर. तिला काढा तर त्यालाही काढा, त्याच पातेल्यातला.

हा शेवटचा नियम सांगितला की बायका हसतात. म्हणतात, "ह्यांना कडू चालत नाही हो." तिला चालतं का, हे कधी विचारलंत?

जाऊबाई आता माझ्याकडेच असतात बऱ्याचदा. पानओव्याला पाणी त्याच घालतात. परवा एक ओळखीची बाई गुळवेल मागायला आली, सुनेला थकवा आहे म्हणाली. मी काही बोलायच्या आधीच जाऊबाईंनी विचारलं, "रक्त तपासलंत का तिचं?" ती गप्प. "मग आधी ते करा," जाऊबाई म्हणाल्या, "वेल कुठे पळून जात नाही."