पिकअप गेला कुठे?

गाडी ओढेनाशी झाली की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस आधी गाणी बंद करतो, मग घाबरतो आणि मग मेकॅनिकला फोन लावतो. या तिन्हींच्या अधेमधे बॉनेट उघडून बघणं कुठेच बसत नाही. बॉनेट म्हणजे जणू देवळाचा गाभारा. पुजाऱ्यावाचून आत कुणी डोकवायचं नाही! माझं भांडण आहे ते या सोवळ्याशी.

मी पडलो बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम. पण हिशेब जुळला नाही तर काय करायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. फरकाला नवाने भाग गेला, तर ४५ चे ५४ झालेत का बघा. फरकाचं अर्ध करा आणि ती रक्कम शोधा. जमेची नोंद नावे पडली असेल. फरक आला म्हणून बँक पाडून नवी बांधा, असं कुठलाही मॅनेजर सांगत नाही. गॅरेजमध्ये मात्र पहिलंच वाक्य येतं, ‘‘साहेब, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल.’’ आणि साहेब मान डोलावतात! याच साहेबांच्या घरी कुकरची शिट्टी होईनाशी झाली, तर वहिनी आधी रबर बघतात, मग शिट्टीचं भोक. कुकर खोलायला कुणाला बोलावत नाहीत.

आमचं संगमेश्वर शास्त्री आणि सोनवी या दोन नद्यांच्या संगमावर. पेट्रोलच्या इंजिनात तर त्रिवेणी असते : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. ठिणगी म्हणजे गुप्त सरस्वती, दिसत नाही. पण तिघींत सगळ्यात जास्त लागते ती हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे जवळजवळ नऊ हजार लिटर! ही सगळी हवा एका कागदी फिल्टरच्या नाकाने आत जाते. आता मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने इथल्या माणसांच्या नाकांचं वर्षानुवर्षं काय केलं, ते आठवा आणि गाडीच्या नाकाची कल्पना करा. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींना असंच पाच आकडी ‘इंजिनाचं काम’ सांगण्यात आलं होतं. फिल्टरचा डबा उघडला, तर आत उंदराचं बाळंतपण झालेलं!

पुढची तपासणीही फुकटच. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये घाला, हँडब्रेक सोडा आणि ढकला. जागची हलेना, तर ब्रेक धरून बसलाय. कोकणातल्या पावसात हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस उभी ठेवली, तर मागचे लायनर चिकटतात. फेरी मारून आल्यावर चाकांजवळ नुसता हात न्या. एकच चाक तापलेलं असेल, तर चोर तिथे आहे. टायरमधली हवा बघा. चढावर इंजिन गुरगुरतं पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. गाडी उभ्या जागी थरथरते, तर प्लग बघा. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला सिलिंडर तीनच होते. एक संपावर गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली. सपाटीला ठीक आणि चढाला धापा, तर पेट्रोलच्या फिल्टरवर संशय घ्या. मागून निळा धूर येत असेल, तर मात्र ऑइल जळतंय. तेव्हा रिंगांचा विषय काढणाऱ्या मेकॅनिकला मी नमस्कारच करीन.

यावर शहाणे म्हणतात, ‘‘अहो, हल्लीच्या गाडीत कॉम्प्युटर असतो!’’ असतो ना. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांची अंडीपिल्ली स्कॅनर सांगतो. पण हँडब्रेक अर्धा ओढलेला राहिलाय की टायर बसलाय, हे प्रत्येक स्कॅनर सांगेलच असं नाही. दुसरे म्हणतात, ‘‘ज्याचं काम त्याने करावं.’’ कबूल! तापलेल्या रेडिएटरचं झाकण, पेट्रोलची नळी, ब्रेकचा आतला भाग यांना हात लावू नका, आणि नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली तर मुळीच शिरू नका. पण घरी थर्मामीटर लावल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. ‘‘गाडीला पिकअप नाही’’ एवढंच सांगणाऱ्याला कोणीही काहीही सांगू शकतो. ‘‘फिल्टर साफ आहे, चाकं थंड आहेत, चढावर दहा मिनिटांनी दम तोडते,’’ असं सांगणाऱ्याशी प्रामाणिक मेकॅनिक आनंदाने बोलतो आणि दुसरा जरा जपून बोलतो.

प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. इथून देवरुख, साखरपा करत आंबा घाट चढताना मागच्या सीटवर म्हातारी आई असते, पुढे ट्रक असतो. ओव्हरटेक करताना गाडीचा दम संपला, तर तिथे पुजारी पोचत नाही. गाडीची तक्रार सपाटीवरच ऐकून घेतली पाहिजे, आणि ती ऐकायला कान लागतात, डिप्लोमा नव्हे.

तेव्हा गरज पडली तर इंजिन खुशाल खोला. फक्त त्याआधी एकदा स्वतःच्या हाताने बॉनेट उघडा!