गाडी नको, रूळ द्या

नातवंडासाठी पहिली खेळण्यातली आगगाडी घ्यायला निघालेले आजोबा इंजिन बघतात. दिवा लागतो का, शिट्टी वाजते का, धूर निघतो का. रूळ किती आणि कसले, हे खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तिथवर कुणी जात नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिल्या सेटमध्ये गाडी दुय्यम असते, खरं खेळणं रूळ असतात. जे रूळ चार वर्षांच्या पोराला स्वतःच्या हातांनी जोडता-मोडता येत नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

आधी कोपऱ्यावरच्या दुकानातला बॅटरीवाला सेट घ्या. प्लास्टिकचे वाकडे तुकडे जोडले की एकच गोल होतो, दुसरं काही होत नाही. बटण दाबलं की गाडी गाणं म्हणत फिरते. पोर तीन फेऱ्या बघतं, चौथ्या फेरीला गाडी उचलून चाकं वर करतं आणि घरातलं कुणीतरी ओरडतं, ‘अगं, मोडेल!’ खरं तर त्या दिवसातला पहिला शहाणा प्रश्न तिने तेव्हाच विचारलेला असतो. मी पोटासाठी ॲप्स बनवते. बटण दाबणाऱ्याला आतली भानगड दिसू नये, ही माझ्या कामाची कसोटी आहे. बिल भरायच्या ॲपला ते शोभतं. खेळण्याचं काम आतली भानगड दाखवण्याचं आहे.

दुसरं टोक म्हणजे शौकिनांचा विजेवरचा सेट. माझ्या बाबांना ताईच्या मुलीसाठी तोच घ्यायचा होता. ती चार वर्षांची आहे. मी विचारलं, ‘बाबा, हा तिच्यासाठी घेताय की तुमच्यासाठी?’ ते हसून म्हणाले, ‘दोघांसाठी.’ उत्तर प्रामाणिक होतं, पण एक खोकं दोघांना पुरत नाही. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ मापाचं मॉडेल. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं आणि चाकाची कड जेमतेम मिलिमीटरभर. चार वर्षांच्या बोटांना आठ चाकांचा डबा त्या रुळावर बसवता येत नाही. मग आजोबा बसवतात, आजोबाच चालवतात आणि नात लांबून बघते. दर दोन मिनिटांनी एकच वाक्य ऐकू येतं: ‘हात लावू नको.’

‘अगदी खऱ्यासारखी’ हा आग्रहही तपासून बघा. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिला ८७ ने भागलं की साधारण १९.३ येतात, १६.५ नाही. म्हणजे एचओच्या नेहमीच्या रुळावर धावणारं भारतीय इंजिनही रुळाच्या मापात खोटंच असतं. मोठ्यांना ही तडजोड चालते, मग चिमुरडीला लाकडी गाडी का चालणार नाही?

माझं मत लाकडी रुळांना आहे. स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने १९५८ साली लाकडी रेल्वे आणली. तिचे रूळ म्हणजे खोबणी पाडलेले लाकडाचे तुकडे, एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला खाच. पुढे इतरांनीही तेच माप धरलं. आयकियाचे रूळ ब्रिओच्या रुळांना जोडता येतात. आमच्या धंद्यात याला ओपन स्टँडर्ड म्हणतात. उद्या कंपनी बदलली तरी जुनं वाया जात नाही. बंद डब्यातल्या बॅटरी सेटला ही सोय नाही.

आता या रुळांवर काय घडतं ते पाहा. ४५ अंशांचे आठ वाकडे तुकडे घेतले की गोल पूर्ण होतो, सात घेतले तर फट राहते. पोराला अंश माहीत नसतात, फट दिसते. मध्ये सरळ तुकडा घातला तर समोरच्या बाजूलाही तसाच लागतो. सांधा लावून वाट फोडली आणि ती फिरवून परत आणली, तर कधी शेवटी गाठीसमोर गाठच येते. आता ते लाकूड कितीही दाबलं तरी बसत नाही. मागे जाऊन काहीतरी उलटं करावं लागतं. मी ऑफिसात दिवसभर हेच करते, फक्त खुर्चीवर बसून.

आणखी एक गंमत. गाडी जाते आणि त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येते, असा फास लाकडी रुळांवर बिनधास्त करता येतो. दोन रुळांच्या विजेच्या सेटवर तसा फास केला तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. त्यासाठी वेगळी जोडणी लागते. म्हणजे महागड्या सेटमध्ये सगळ्यात मजेदार आकारालाच आधी मनाई.

एमआयटीत १९४६ पासून मॉडेल रेल्वेचा एक क्लब आहे. तिथे काहींना गाड्या रंगवण्यात रस होता, तर काहींना टेबलाखालच्या तारा आणि रिलेंमध्ये. ‘हॅक’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो या दुसऱ्या टोळीच्या बोलीत घडला. स्टीव्हन लेव्हीचं १९८४ चं ‘हॅकर्स’ तिथूनच सुरू होतं. यावरून रूळ जोडले की पोर इंजिनिअर होतं असं मी म्हणत नाही. तो धंदा खोक्यांवर ‘स्टेम’ छापणाऱ्यांचा. मी एवढंच म्हणते की आगगाडीच्या खेळातली खोली इंजिनाच्या रंगात नाही, वाट आखण्यात आहे.

आणि ही वाट नातीलाही आखू द्या. आमच्याकडे आगगाडी चुलतभावाला मिळाली आणि मला भातुकली. भातुकली वाईट नव्हती, पण निवड माझी नव्हती. ‘तिला आवडेल का?’ हा प्रश्न नातवाच्या वेळी कुणी विचारत नाही.

घेताना दोन गोष्टी बघाच. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो शोधा. लाकडी डबे चुंबकाने जोडले जातात, तर चुंबक घट्ट बसवलेले आहेत ना, हे ओढून पाहा. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. पैसे कमी असतील तर इंजिन एकच घ्या. उरलेल्या पैशांत दोन सांधे आणि एक पूल येऊ द्या.

आजोबांच्या हौसेचं काय? ती जरूर भागवावी, पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या टेबलावर. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. नातीला तिथे घेऊन जा, दोघंही खूश व्हाल.

घरी मात्र तिच्या हाती रूळच द्या. या खेळाची खरी किंमत दुकानात भरायची नसतेच. ती फरशीवर भरायची असते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी ‘पसारा आवर’ म्हटलं की अर्धवट पूल डब्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा पहिल्या गोलापासून सुरुवात करतं. सोफ्याखालून गेलेली ती वाट रात्रभर तशीच राहू द्या. पाय जपून टाका.