येथे हात लावावा

सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले. अशा ठिकाणी गेलेल्या मुलांना एक सूचना हमखास ऐकावी लागते: दुरून पाहा, हात लावू नका. ही सूचना योग्यच आहे, कारण एकदा बिघडलेले चित्र पुन्हा मिळत नाही. परंतु संग्रहालयाचा दुसराही एक प्रकार आहे. तेथून हात न लावता परतलेल्या मुलाने काहीच पाहिले नाही, असे समजावे लागते. तो प्रकार म्हणजे विज्ञान केंद्र.

ही कल्पना जगभर रुजवण्यात फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. अणुबाँब तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट ओपेनहायमर यांचे ते धाकटे बंधू. राजकीय संशयापायी १९४९ साली त्यांना विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली. पुढे काही वर्षे त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली आणि नंतर तेथीलच एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. मोडक्या यंत्रांना हात घालणारी मुले किती लवकर शिकतात, हे त्यांनी तेथे पाहिले. १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केले. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे ते म्हणत.

या विधानाचे मोल पालकांनी ओळखावे असे आहे. वर्गात उत्तर चुकले तर हसे होईल, या भीतीने कितीतरी मुले हात वर करीतच नाहीत. हळूहळू त्यांचे प्रश्नही मावळतात. विज्ञान केंद्रात मात्र चूक ही केवळ पुढच्या प्रयत्नाची सुरुवात असते. दांडा उलटा फिरवला तर यंत्र चालत नाही, एवढेच. मूल तो दुसऱ्या बाजूला फिरवून पाहते. तेथे कोणी गुण देत नाही आणि कोणी रागावतही नाही.

महाराष्ट्रात मुंबईच्या वरळी भागातील नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्ण रूपात खुले झाले, तर नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ साली सुरू झाले. पिंपरी-चिंचवडलाही सायन्स पार्क आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत डॉ. जयंत नारळीकर यांच्या दूरदृष्टीतून आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्यातून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली.

अशा केंद्रांत कप्प्यांचा एक प्रयोग बहुधा असतोच. चाळीस किलोचे वजन एका स्थिर कप्पीवरून ओढताना मुलाची दमछाक होते. तेच वजन दोरीच्या चार पदरांवर तोलले की जेमतेम दहा किलोचा जोर पुरतो. मुलाला जादू झाल्यासारखे वाटते. पण नीट पाहिले की हिशेब उलगडतो. वजन एक मीटर उचलण्यासाठी दोरी चार मीटर ओढावी लागते. जोर वाचला, अंतर वाढले. निसर्गाच्या खातेवहीत जमा आणि खर्च यांचा मेळ नेहमी बसलेला असतो. हे वाक्य पाठ करून घेतलेले मूल परीक्षेनंतर ते विसरेल, परंतु ज्याने स्वतः दोरी ओढली आहे, त्याच्या हातांना ते आठवत राहील.

आणि येथेच मोठ्यांची खरी परीक्षा असते. कुटुंब केंद्रात शिरते, मूल एका यंत्रापाशी रेंगाळते, तोच आजोबा फलक मोठ्याने वाचू लागतात. वडील तत्त्व समजावून सांगतात. आई छायाचित्र काढते आणि पुढे चलण्याची घाई होते, कारण सर्व दालने पाहून व्हायची असतात. यात प्रेमच असते, उणीव असते ती धीराची. उत्तर हाती दिले की मुलाचा शोध तेथेच थांबतो. त्याऐवजी ‘तुला काय वाटते?’ एवढे विचारून दोन मिनिटे गप्प राहणे अधिक उपकारक ठरते. उत्तर आपल्याला ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगण्यातही कमीपणा नाही. घरातील वडीलधारे माणूस ‘मलाही माहीत नाही, चल, दोघे मिळून पाहू’ असे म्हणते, तेव्हा न येणे ही लाजेची बाब नाही, हा मोठा धडा मुलाला मिळतो.

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर आहे, सांगलीहून त्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे अशी भेट वर्षातून एखाद्या वेळीच जमते. कराडला कल्पना चावला यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे, ही दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबांच्या दृष्टीने जवळची सोय. तरीही एका दिवसाच्या भेटीवर कुतूहल वर्षभर टिकत नाही. परतल्यानंतर घरात काय घडते, यावरच ते अवलंबून असते.

सुदैवाने त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मुक्तांगणात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे देशभरातील मुलांना दाखवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांचा एक प्रयोग उभा राहतो. नळीच्या तुकड्यांनी चार काड्या जोडून चौकोन केला तर तो बोटाने दाबताच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण आपला आकार सोडत नाही. मग विजेच्या मनोऱ्यात आणि गोदामाच्या छपराखालील कैचीत एवढे त्रिकोण का, हे मुलाला न सांगता दिसू लागते.

सांगलीची हळद तर घरोघरी असतेच. तिच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की तो भाग लाल होतो. लिंबाचा रस पडताच पुन्हा पिवळा होतो. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो, या रोजच्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी याहून गंभीर प्रयोगशाळा दाराशीच आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पुढे जाते. पावसाळ्यात विसर्गाचे आणि पुलापाशी मोजलेल्या पातळीचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. हे दोन्ही आकडे रोज वहीत लिहून आलेख काढला, तर तिकडे विसर्ग वाढल्यावर इकडे पाणी केव्हा चढते, याचा अंदाज मुलाला स्वतः बांधता येतो. मध्ये पडलेला पाऊसही त्यात भर घालतो, हेही त्याच्या ध्यानात येते. २०१९ चा महापूर सोसलेल्या शहरात ही केवळ करमणूक राहत नाही. आकडे वाचता येणारे मूल उद्या अफवेने घाबरणार नाही आणि इशारा मिळाल्यावर गाफीलही राहणार नाही.

हाताने काम करून शिकणे या भूमीला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहांतील मुले स्वतः श्रम करून शिकत. हात मळले म्हणून बुद्धी मळत नाही, हे त्या पिढीने आचरणातून सिद्ध केले.

येत्या सुट्टीत एखाद्या विज्ञान केंद्राला भेट देण्याचा बेत अनेक घरांत ठरेल. त्या दिवशी सर्व दालने पाहून झाली नाहीत तरी चालेल. एकाच यंत्रापाशी मूल अर्धा तास रमले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे. घरी परतल्यावर त्याच्यासाठी एक रिकामा खोका, काड्यापेटी आणि थोडी हळद राखून ठेवावी. पसारा होईल, ओट्यावर एखादा पिवळा डागही पडेल. तो पुसताना मुलाला जवळ बोलवावे आणि साबण त्याच्याच हाती द्यावा.